वाचनालयातले जुने कॉम्प्युटर आणि रविवारचा वर्ग : कामाच्या नोंदी

१ नोव्हेंबर २०२५

एका कार्यालयानं मोडीत काढलेले चार कॉम्प्युटर समितीनं मागून आणले आणि वाचनालयाच्या मागच्या खोलीत ठेवलेत. दुरुस्तीसाठी दहा हजार रुपये मंजूर झालेत. गावात एमएस-सीआयटी केलेली मुलं आहेत, पण चाळिशीपुढच्या बहुतेकांना कॉम्प्युटर माहीत आहे तो सेवा केंद्राच्या काउंटरपलीकडे, दुसऱ्याच्या हातातला. मोबाईल सगळ्यांना येतो. या लोकांना डेस्कटॉप स्वतः चालू करून, स्वतःचं काम करून, ते जपून ठेवून बंद करता यावा, एवढंच ठरवलंय. कृष्णाकाठच्या आणखी दोन गावांतली वाचनालयं हेच करायचं म्हणताहेत. त्यांच्या हाती पडाव्यात म्हणून या नोंदी.

यंत्रं अशी: इंटेलचे तिसऱ्या आणि चौथ्या पिढीचे आय-थ्री प्रोसेसर, ४ जीबी डीडीआर-थ्री रॅम, ५०० जीबीच्या फिरत्या हार्डडिस्क, वर विंडोज १०. विंडोज १० चा आधार मायक्रोसॉफ्टनं १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबवला. नाव नोंदवलं तर सुरक्षेचे अपडेट आणखी वर्षभर मिळतात, पण वर्षानंतर पुन्हा हाच प्रश्न. विंडोज ११ ला इंटेलची आठवी पिढी किंवा पुढचा प्रोसेसर आणि टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप लागते, म्हणजे अधिकृत वाटेनं ते इथे बसत नाही. म्हणून विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही कार्यप्रणाली, तिच्या २२.२ ची हलकी एक्सएफसीई आवृत्ती टाकायचं ठरवलं. ती उबंटू २४.०४ या दुसऱ्या लिनक्स प्रणालीवर उभी आहे, एप्रिल २०२९ पर्यंत अपडेट मिळतील, २ जीबी रॅमवरही चालते आणि फुकट आहे. शिवाय खाली पट्टी, डाव्या कोपऱ्यात मेनू अशी मांडणी आहे. इथे शिकलेला माणूस उद्या कुठल्या कार्यालयात विंडोजसमोर बसला तरी अडणार नाही.

८ नोव्हेंबर

खोकी उघडली. आत धुळीचे थर. ब्रश आणि ब्लोअरनं साफ केली, ब्लोअर मारताना पंख्याची पाती बोटानं धरून ठेवली.

एक यंत्र चालूच होईना. मदरबोर्डवरचे प्रोसेसरजवळचे कपॅसिटर वरून फुगलेले होते, एकातून तपकिरी रस गळून वाळला होता. असे कपॅसिटर बदलता येतात, पण कारागिराची मजुरी आणि बोर्डाचं वय पाहता त्यात पैसे घालण्यात अर्थ नव्हता. त्याची रॅम, एसएमपीएस (वीजपुरवठ्याचा डबा) आणि केबली काढून ठेवल्या. आता यंत्रं तीन.

दुसरं चालू केल्यावर नुसतं टीं-टीं वाजत होतं, पडदा काळा. रॅमची पट्टी काढली, तिचे सोनेरी दात साध्या खोडरबरानं घासले, मऊ फडक्यानं पुसले, पट्टी दोन्ही बाजूंनी खटका बसेपर्यंत दाबली. चालू झालं. आवाज आला की आधी हे करून पाहा, नवी रॅम नंतर.

सगळ्यात महत्त्वाची गोष्ट मात्र कॉम्प्युटरच्या आत नव्हती. खोक्याच्या पत्र्याला हात लागला की झिणझिण्या येत होत्या. इमारत जुनी, थ्री-पिनच्या वरच्या भोकात तारच नाही. एसएमपीएसमध्ये विजेतला गोंगाट गाळण्यासाठी जे कपॅसिटर असतात ते पत्र्याला जोडलेले असतात. अर्थिंग नसेल तर त्यांतून झिरपणाऱ्या थोड्या प्रवाहाला जमिनीत जायला वाट नसते आणि तो हात लावणाऱ्याच्या अंगातून जातो. उद्या इथे अनवाणी बाया-माणसं आणि मुलं बसणार आहेत. गावच्या वायरमनला बोलावून अर्थिंगचा रॉड ठोकून घेतला, नवा बोर्ड बसवला. १,८०० रुपये. खर्चाच्या यादीत हे धरलेलं नव्हतं, पण हे झाल्याशिवाय वर्ग घ्यायचा नाही असं समितीला स्पष्ट सांगितलं आणि त्यांनी लगेच मान्य केलं.

९ नोव्हेंबर

मिंटची फाईल जवळपास ३ जीबीची. मोबाईलच्या हॉटस्पॉटवरून उतरवली, मध्ये रेंज गेली, पुन्हा जोडली. आकार पाहून पूर्ण वाटत होती. तरी फाईल जशीच्या तशी उतरली का हे पडताळायला संकेतस्थळावर दिलेला एसएचए-२५६ आकडा आपल्या फाइलीच्या आकड्याशी ताडून पाहिला, तर जुळला नाही. अशी फाईल टाकली असती तर इन्स्टॉल अर्ध्यात कुठेतरी थांबलं असतं आणि दोष डिस्कचा की रॅमचा हे शोधण्यात दिवस गेला असता. तालुक्याला ओळखीच्या दुकानातल्या ब्रॉडबँडवर परत उतरवली, आकडा जुळला.

१६ जीबीचा पेनड्राईव्ह ३८० रुपयांना. रूफस या प्रोग्रामनं त्यावर मिंट चढवलं. त्यात पेनड्राईव्हची मांडणी निवडायच्या दोन पद्धती असतात, नवी जीपीटी आणि जुनी एमबीआर. तिसऱ्या पिढीच्या बोर्डाला जीपीटी पद्धतीनं बनवलेला पेनड्राईव्ह दिसेना, एमबीआर निवडून पुन्हा बनवल्यावर तिन्ही यंत्रांना दिसला. तेव्हा जुन्या यंत्रांसाठी सरळ एमबीआरच निवडा.

१६ नोव्हेंबर

पुण्याहून सामान आलं. भाचा तिथे असतो, त्यानं तपकीर गल्लीतून घेतलं. २४० जीबीच्या तीन एसएसडी (फिरता भाग नसलेल्या वेगवान डिस्क), प्रत्येकी १,४५०. डीडीआर-थ्रीच्या ४ जीबीच्या दोन जुन्या पट्ट्या, प्रत्येकी ४५०. तिसरी पट्टी बंद पडलेल्या यंत्रातली वापरली. सगळी यंत्रं ८ जीबीची झाली.

पैसे कमी असतील तर रॅम राहू द्या, पण एसएसडी घ्या. फिरत्या हार्डडिस्कवर मिंट टाकूनही पाहिलं. ते चालतं, पण मेनूवर क्लिक केल्यावर पडदा थोडा वेळ काहीच करत नाही. नवीन माणूस तेवढ्यात आणखी तीन-चारदा क्लिक करतो, मग चार खिडक्या एकदम उघडतात आणि तो घाबरून हात मागे घेतो. शिकणाऱ्यासाठी यंत्र लगेच उत्तर देणारंच हवं.

पेनड्राईव्हवरून सुरू करायला दाबायची कळ प्रत्येक बोर्डाची वेगळी. गिगाबाइट, डेल आणि लेनोवोवर बहुधा एफ१२, एसुसच्या डेस्कटॉप बोर्डावर एफ८, एमएसआय आणि ॲसरॉकवर एफ११, एचपीवर एफ९. सापडली की ती कळ कागदावर लिहून खोक्याला चिकटवा.

एका यंत्रावर दर वेळी ‘एफ१ दाबा’ असं येऊन गाडी थांबत होती आणि घड्याळ मागच्या दशकात जात होतं. बोर्डावरचा रुपयाएवढा सेल संपलेला. सीआर२०३२, चाळीस रुपये. तिन्हींचे बदलले.

इन्स्टॉल करताना जुन्या हार्डडिस्कची केबल काढून ठेवली, म्हणजे ‘पूर्ण डिस्क पुसा’ म्हटल्यावर भलतीच डिस्क पुसली जाण्याची भीती नाही. तीनपैकी दोन जुन्या डिस्कवर खराब सेक्टर वाढत होते. मिंटमधल्या ‘डिस्क्स’ या साधनात ‘स्मार्ट’, म्हणजे डिस्कच्या तब्येतीची माहिती उघडली की हे दिसतं. एक चांगली निघाली. कार्यालयाचा जुना मजकूर तिच्यावर होता. तो न उघडता डिस्क पूर्ण पुसली आणि बॅकअपसाठी ठेवली.

२३ नोव्हेंबर

पहिला वर्ग. बचत गटाच्या सचिव ताई, एसटीतून निवृत्त झालेले अण्णा, द्राक्षबागायतदार तरुण, बारावीच्या दोन मुली आणि अंगणवाडीच्या मदतनीस काकी. यंत्रं तीन, म्हणून जोड्या लावल्या.

छापील पुस्तिकेत पहिला धडा ‘संगणकाचे भाग’ असा आहे. मॉनिटर, सीपीयू, इनपुट, आउटपुट. तो सुरू करून अर्ध्यावर सोडला. सचिव ताई म्हणाल्या, “दादा, मला महिन्याचं इतिवृत्त लिहायचंय. ते लिहून ठेवायचं कुठं, तेवढं आधी सांगा.” पुस्तिकेत हा प्रश्न विसाव्या पानानंतर येतो. त्यांचा प्रश्न बरोबर होता, पण त्याआधी माउस हाताला वळायला हवा होता, म्हणून उरलेला वेळ माउसलाच दिला.

मोबाईलची सवय असलेल्या हाताला काय अडतं ते नीट पाहिलं. काकी पडद्यावरच बोट लावत होत्या. अण्णा माउस टेबलाच्या कडेपर्यंत नेऊन थांबले. बाण अजून मधेच आहे आणि पुढे टेबल नाही, आता काय करायचं? माउस उचलून परत मध्ये ठेवता येतो आणि बाण जागचा हलत नाही, हे कुणी सांगितल्याशिवाय कळत नाही. ते कळल्यावर त्यांचा चेहरा खुलला.

डबल क्लिक हा मोठा अडथळा. पहिल्या आणि दुसऱ्या दाबात वेळ जास्त जातो, आणि मधल्या क्षणात हात जरासा सरकतो. मग फाईल उघडायच्या ऐवजी ओढली जाते. सेटिंगमध्ये ‘माउस अँड टचपॅड’, त्यात ‘बिहेविअर’. तिथे डबल क्लिकचा वेळ मुळात ४०० मिलिसेकंद होता तो ८०० केला, अंतर ५ पिक्सेलचं १२ केलं. लगेच फरक पडला. एका क्लिकमध्ये उघडण्याचीही सोय आहे, भाच्यानं तीच सुचवली होती. ती मुद्दाम घेतली नाही. इथून बाहेर गेल्यावर पंचायतीत, बँकेत, मुलाच्या लॅपटॉपवर डबल क्लिकच लागणार.

अक्षरंही मोठी केली: ‘अपिअरन्स’मध्ये फॉन्टचा डीपीआय ९६ चा १२०, आणि माउसच्या सेटिंगमध्ये बाणाचा आकार दुप्पट. चाळिशीनंतर बारीक बाण पांढऱ्या पानावर हरवतो, आणि तो शोधण्यातच माणूस दमतो.

पडद्यावरच्या मेनूची भाषा इंग्रजीच ठेवली. मराठी निवडली तर काही शब्द मराठीत, काही इंग्रजीत राहतात आणि गोंधळ वाढतो. रोज लागणारे बारा-पंधरा शब्द मराठी अर्थासह मोठ्या अक्षरात लिहून भिंतीवर लावले.

३० नोव्हेंबर

आज वर्ग फार वाईट सुरू झाला.

पासवर्डची कटकट नको म्हणून समितीशी बोलून मिंटमधलं पाहुण्याचं खातं चालू करून ठेवलं होतं. नाव-पासवर्ड काही नाही, क्लिक केलं की आत. मागच्या रविवारनंतर सचिव ताई मंगळवारी आणि गुरुवारी एकट्या येऊन बसल्या होत्या. इतिवृत्ताचं दीड पान त्यांनी एकेक अक्षर शोधून लिहिलं, सेव्ह केलं, कॉम्प्युटर नीट बंद केला. आज उघडलं तर काही नाही. “दादा, माझं गेलं कुठं?”

पाहुण्याचं खातं तात्पुरतं असतं. बाहेर पडलं की त्यातलं सगळं पुसलं जातं, त्याची रचनाच तशी आहे. आत शिरताना तशी इंग्रजी सूचनाही येते, पण ‘ओके’ दाबून पुढे जायचं असंच सगळ्यांना वाटतं. दीड पान परत मिळवता आलं नाही. ताईंनी सगळं बरोबर केलं होतं, आणि तरी काम गेलं. याचं फार वाईट वाटलं, आणि त्यांना ते तसंच सांगितलं. नव्या माणसाचा पहिला मजकूर गेला की तो म्हणतो, ‘हे आपलं काम नव्हे’, आणि परत येत नाही.

ताई गेल्या नाहीत. त्यांनी वहीत कच्चं लिहिलेलं होतं, ते घेऊन परत बसल्या.

त्याच संध्याकाळी तिन्ही यंत्रांवर खाती बनवली. प्रशासकाचं एकच, त्याचा पासवर्ड बंद पाकिटात ग्रंथपालताईंच्या कपाटात. बाकी प्रत्येकाचं स्वतःच्या नावाचं साधं खातं. प्रत्येकाला ठरावीक यंत्रही नेमून दिलं, कारण एका यंत्रावरची फाईल दुसऱ्यावर दिसत नाही.

७ डिसेंबर

ठेवायचं कुठे आणि सापडवायचं कसं, यावर पूर्ण वर्ग. माझ्या मते हाच सगळ्याचा पाया आहे. मोबाईलमध्ये फोटो काढला की तो गॅलरीत दिसतो, पत्र आलं की व्हॉट्सॲपमध्ये दिसतं. वस्तू ॲपच्या आत असते, तिला जागा नेमून द्यावी लागत नाही. डेस्कटॉपवर जागा आपण ठरवतो. हा फरक कळला नाही तर बाकी सगळं शिकूनही माणूस दुसऱ्यावर अवलंबून राहतो.

समजवायला लांब जावं लागलं नाही, आम्ही वाचनालयातच बसलो होतो. कपाट क्रमांक, त्यातली फळी, फळीवरचं पुस्तक. दाखल नोंदवही पाहिल्याशिवाय पुस्तक कुठेही खुपसलं तर ते असून नसल्यासारखं. काकी पटकन म्हणाल्या, “म्हणजे फोल्डर ही फळी.” मग प्रत्येकानं ‘डॉक्युमेंट्स’मध्ये आपली दोन-तीन फोल्डर बनवली: बचत गट, पेन्शन, बाग, अभ्यास.

नियम एक ठेवला. मजकूर लिहायचा लिबरऑफिस रायटर उघडला की एकही अक्षर लिहायच्या आधी कंट्रोल आणि एस. कोरं पानच सेव्ह करायचं. नाव द्यायचं, जागा निवडायची, मग मजकूर. हे उलटं केलं की पान भरल्यावर घाई होते, नाव न देता एंटर मारला जातो आणि ‘अनटायटल्ड १’ नावाच्या फायली साठत जातात. नावात आधी वर्ष, मग महिना, मग दिवस: ‘२०२५-१२-०७ इतिवृत्त’. असं लिहिलं की यादी आपोआप तारखेनं लागते. देवनागरीतली नावं मिंट बिनतक्रार घेतं. इंग्रजी नावांत मात्र लहान-मोठ्या लिपीचा फरक धरला जातो, एकाच शब्दाच्या दोन वेगळ्या फायली होऊ शकतात.

मग सराव. सेव्ह करा, खिडकी बंद करा, कॉम्प्युटर बंद करा, पुन्हा चालू करून आपलीच फाईल शोधून उघडा. हे प्रत्येकाकडून पुन्हा पुन्हा करून घेतलं. कंटाळवाणं वाटेल, पण ताईंचं पान बंद करून चालू केल्यावरही जागेवर दिसलं तेव्हा खोलीतला प्रत्येक जण त्यांच्या पडद्यामागे येऊन उभा राहिला.

खिडकी खाली बसवणं आणि बंद करणं यातला फरकही आज झाला. अण्णांना वाटत होतं वजाच्या खुणेनं काम गेलं. खालच्या पट्टीवर ते दिसतं हे कळल्यावर त्यांनी एकाच वेळी तीन खिडक्या उघडून फिरवून पाहिल्या.

१० डिसेंबर

बारावीच्या एका मुलीनं उजव्या क्लिकचे सगळे पर्याय करून पाहिले आणि खालची पट्टीच काढून टाकली. हे होणारच, आणि असं धाडस करणारी मुलंच पुढे शिकतात. यंत्र आधीच्या स्थितीत परत नेणाऱ्या टाइमशिफ्ट या साधनानं घेतलेली नोंद होती, पण ती मुख्यतः प्रणालीच्या फायलींची. वापरणाऱ्याच्या घरातल्या सेटिंग तिच्यात मुळात घेतल्या जात नाहीत, त्यामुळे तिचा इथे उपयोग झाला नाही. तिच्या खात्यातल्या पट्टीच्या सेटिंगची फाईल बाजूला काढली आणि पुन्हा लॉग-इन केलं तेव्हा पट्टी मूळ रूपात आली. मग सगळ्या खात्यांत ‘पॅनल प्रेफरन्सेस’मध्ये जाऊन ‘लॉक पॅनल’वर खूण केली, म्हणजे पट्टी निदान चुकून ओढून सरकत नाही. हे आधीच करा.

१४ डिसेंबर

मराठी टायपिंग. ‘कीबोर्ड’च्या सेटिंगमध्ये ‘लेआउट’, त्यात भारतीय भाषांखाली मराठीचे पर्याय. इनस्क्रिप्ट आणि कागपा हे दोन दाखवले. इनस्क्रिप्टमध्ये स्वर डाव्या हाताला, व्यंजनं उजव्या हाताला. भारतीय मानक आयएस १३१९४ : १९९१ मध्ये हीच मांडणी आहे. कागपा उच्चारानुसार चालतो. मुलींनी आणि ताईंनी इनस्क्रिप्ट घेतला, अण्णांना कागपा सोपा गेला. सक्ती केली नाही. कीबोर्डवर चिकटवायच्या देवनागरी अक्षरांचे कागद प्रत्येकी ६० रुपयांना मिळाले.

ताईंनी ‘शेतकऱ्यांना’ लिहिलं तर पडद्यावर ‘शेतकर्यांना’ उमटलं. त्यांना वाटलं कॉम्प्युटरला मराठी येत नाही. र, हलन्त (पाय मोडायची खूण) आणि य असं दाबलं की ‘सूर्य’मधला रफार होतो. ‘ऱ्या’साठी वेगळा ऱ लागतो. इनस्क्रिप्टमध्ये ‘जे’ (J) या कळीवर र आहे, तीच शिफ्टसह दाबली की ऱ, मग ‘डी’ (D) कळीवरचा हलन्त, मग तिरप्या रेघेच्या कळीवरचा य. ‘दुसऱ्या’, ‘वाऱ्यावर’, ‘पायऱ्या’, ‘कोऱ्या’ असे शब्द लिहून घेतले. ळ हा शिफ्ट आणि एन. मराठी माणसाला हे दोन पहिल्याच दिवशी लागतात, म्हणून ते सगळ्यांत आधी सांगावेत.

एक अडचण दोनदा-तीनदा आली. पासवर्ड बरोबर, तरी आत घेईना. कीबोर्ड मराठीवर राहून गेला होता. पट्टीवरची भाषेची खूण पाहून पासवर्ड टाकायचा, हे भिंतीवरच्या कागदावर वाढवलं.

ताईंकडे तालुक्याला टाइप करून घेतलेली गटाची जुनी पत्रं पेनड्राईव्हवर होती. उघडली तर इंग्रजी अक्षरांचा कचरा. ती कृतीदेवमध्ये होती. त्या फॉन्टमध्ये फाइलीत साठतात इंग्रजी अक्षरं, फॉन्ट त्यांना मराठी आकार देतो. फॉन्ट नसला की खरं रूप दिसतं. परिवर्तकानं युनिकोडमध्ये आणली, पण ऱ्हस्व वेलांट्या आणि रफार काही ठिकाणी सरकले, एकेक ओळ वाचून दुरुस्त करावी लागली. ती वाचण्यातच ताईंचा टायपिंगचा चांगला सराव झाला. जुनी कागदपत्रं असणाऱ्या गटांनी हा वेळ धरावा.

१८ डिसेंबर

संध्याकाळी लाईट गेली, आली, पुन्हा गेली. एक यंत्र नंतर काळ्या पडद्यावर इंग्रजी ओळी दाखवून थांबलं, शेवटी कंसात ‘इनिटरॅमएफएस’. ग्रंथपालताईंचा फोन आला की कॉम्प्युटर मेला. मेला नव्हता. लिहिणं चालू असताना वीज गेल्यानं डिस्कवरच्या नोंदी विस्कटल्या होत्या. वरच्या ओळीत ज्या विभागाचं नाव येतं त्यावर एफएससीके ही डिस्क तपासायची आज्ञा दुरुस्तीच्या होकारासह चालवली, मग एक्झिट, आणि मिंट उघडलं. ताईंचं काम शाबूत.

यूपीएस दोन होते, बॅटऱ्या मेलेल्या. १२ व्होल्ट ७ ॲम्पिअर-तासाच्या दोन नव्या, प्रत्येकी ८५०. शांतपणे सेव्ह करून बंद करण्याइतका वेळ मिळतो, आणि तेवढाच हवा आहे. लिबरऑफिसची आपोआप जपणूक दर १० मिनिटांनी असते, ती २ मिनिटांवर आणली. भिंतीवरचं बटण शेवटी बंद करायचं, आधी मेनूतून ‘शट डाउन’, हे काकी आता मुलांना सांगतात.

२१ डिसेंबर

द्राक्षबागायतदाराला बँकेत द्यायला डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा हवा होता. पंधरा रुपये भरून त्यानं तो स्वतः उतरवला आणि मग विचारलं, “आला, पण गेला कुठं?” फायरफॉक्सनं तो तिथेच उघडून दाखवला आणि त्याला वाटलं तेवढंच. ‘डाउनलोड्स’ फोल्डर दाखवलं, तिथून ‘बाग’मध्ये हलवला, नाव बदललं. कॉपी आणि कटमधला फरक यातच शिकवला गेला. कॉपीनं सातबारा दोन ठिकाणी, कटनं एकाच.

पेनड्राईव्हवर घेतला, काढला, आणि दुकानात फाईल रिकामी निघाली. लिनक्स मजकूर आधी मेमरीत घेतं आणि मागाहून पेनड्राईव्हवर उतरवतं. पडद्यावर काम झालेलं दिसलं तरी लिहिणं बाकी असू शकतं. फाइलींच्या खिडकीत डावीकडे पेनड्राईव्हच्या नावाजवळ बाहेर काढायची खूण असते, ती दाबून सूचना येईपर्यंत थांबायचं. बिचाऱ्याला तालुक्याची फेरी पडली.

पाहुण्याचं खातंही आज एका यंत्रावर परत चालू केलं, पण वेगळ्या कामासाठी. गावातले लोक अर्ज भरायला यायला लागलेत, आधार आणि पासबुकाच्या प्रती उतरवतात आणि तशाच सोडून जातात. अशांना हेच खातं योग्य, बाहेर पडलं की सगळं पुसलं जातं. त्या यंत्रापुढे मोठ्या मराठी अक्षरांत पाटी लावली: ‘पाहुणा खात्यात ठेवलेलं बाहेर पडताच पुसलं जातं. हवं ते पेनड्राईव्हवर घ्या.’ शिकणाऱ्यांनी हे खातं उघडायचं नाही, एवढं बजावलं.

२८ डिसेंबर

प्रिंटर. वाचनालयाचा जुना लेझर प्रिंटर मिंटला दिसत होता, काम पाठवलं की यादीत पडून राहत होतं. काही जुन्या लेझर प्रिंटरच्या पोटात स्वतःचं फर्मवेअर (यंत्र चालवणारा छोटा प्रोग्राम) नसतं, दर वेळी चालू केल्यावर ते कॉम्प्युटरनं द्यावं लागतं. मिंटसोबत प्रिंटरचा ड्रायव्हर येतो, पण हा तुकडा वेगळा उतरवून घ्यावा लागतो. तो घेतला आणि पान आलं. हे कळायला दुपार गेली. बाहेर द्यायचं पत्र पीडीएफ करूनच पाठवायचं हेही आज घेतलं, नाहीतर दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवर ओळी सरकतात.

हिशेब समितीला दिला. एसएसडी ४,३५०, रॅम ९००, सेल १२०, पेनड्राईव्ह ३८०, तीन माउस ७५०, दोन कीबोर्ड ८००, अक्षरांचे कागद १८०, यूपीएसच्या बॅटऱ्या १,७००, अर्थिंग आणि बोर्ड १,८००. एकूण १०,९८०. वरचे ९८० सभासदांनी वर्गणीतून भरले. अर्थिंग आणि बॅटऱ्या यांचे ३,५०० कुणाच्याच सुरुवातीच्या अंदाजात नसतात. दुसऱ्या गावांनी ते आधीच धरावेत.

४ जानेवारी २०२६

ताईंनी डिसेंबरचं इतिवृत्त स्वतः लिहून, पीडीएफ करून, छापून सभेत वाचलं. अण्णांनी पेन्शनच्या कार्यालयाला पत्र लिहिलं. काकी अजून डाव्या-उजव्या क्लिकमध्ये अडखळतात, पण शटडाउन कधी चुकवत नाहीत. बागायतदार फवारणीच्या नोंदी लिबरऑफिसच्या कॅल्क या हिशेबाच्या तक्त्यात ठेवायचं म्हणतोय, त्याला पुढच्या वर्गात बेरजेचं सूत्र दाखवायचं आहे.

सगळ्यांच्या ‘डॉक्युमेंट्स’ची प्रत जुन्या चांगल्या हार्डडिस्कवर दर रविवारी वर्ग सुटल्यावर घ्यायची. ते काम बारावीच्या मुलींकडे दिलं, कसं करायचं ते त्यांनी स्वतः वहीत लिहून काढलं. परीक्षेच्या काळात ग्रंथपालताई करतील.

नवीन पाच जणांनी नावं दिलीत. त्यांची खाती पहिल्या दिवसाआधीच बनवून ठेवायची, आणि पहिला धडा कोरं पान सेव्ह करण्याचा. त्याआधी दुसऱ्या यंत्राचा प्रोसेसरवरचा पंखा बदलायचा आहे, तो परवापासून घरघर करतोय.